दूध बाधलं नव्हतं

प्रिय चिमे,

नणंद रुसली की आईला सांगते, वहिनी रुसली तर तिने कुणाला सांगावं? म्हणून तुलाच लिहितेय. वाचून रागावलीस तर रागाव, मी आता कुणाच्या रागाला भीत नाही.

बाळ चार आठवड्यांचं होतं. दूध पिऊन होतंय न होतंय तोच उलटी थेट समोरच्या भिंतीपर्यंत उडायची, आणि लगेच भुकेने पुन्हा टाहो. आईंनी निकाल देऊन टाकला, हिचं दूध बाधतंय. तूही फोनवर म्हणालीस, वहिनी, तुझी जीभच तिखट! मला फिकं जेवण, बाळाला बाटली. सहा दिवस हा खेळ चालला. तुझ्या दादाने पेपरातून डोकं काढलं नाही. बाळाच्या मांडीची कातडी सैल पडली, तेव्हा मी कुणाला न विचारता त्याला उचललं आणि दवाखाना गाठला. मागून आई आणि दादाही आले.

बाळाचं पोट चाचपताना सर्जनबाईंच्या बोटांना बोराएवढी गाठ लागली. जठरातून आतड्यात उतरायच्या तोंडाशी स्नायू जाड होऊन वाटच बुजली होती. पक्कं कारण कुणालाच ठाऊक नाही म्हणाल्या. मुलग्यांना जास्त होतं, त्यातही पहिल्याला. जन्मल्या जन्मल्या दिलेल्या एखाद्या औषधानेही होतं. बाटलीवरही संशय आहे. आईच्या दुधाने? त्या चक्क हसल्या. मग म्हणाल्या, घराण्यात असतं, कुणाला झालं होतं का? दादाने मान हलवली, नाही. मी त्याचा शर्ट वर केला. बेंबीच्या वरचा तो आडवा व्रण, लहानपणी पत्रा लागला म्हणून लग्नापासून ऐकतेय. बाई म्हणाल्या, पत्रा इतकं सरळ कापत नाही हो.

आई बाकावर पदर पिळत बसल्या. दादा तान्हा असताना त्याचंही हेच ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या सासूने त्यांचंच दूध विषारी ठरवलं होतं, म्हणून लपवलं म्हणे. मला दया यायला हवी होती. नाही आली. स्वतः पोळलेल्या बाईने माझा हात विस्तवावर धरला, चिमे.

ऑपरेशन झालं, बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी गटागटा प्यालं, बाटलीनेच. माझं दूध तोवर आटलं होतं.

तुला आठवा लागला ना? काल आईंना विचारलं, चिमीला सांगितलंत का? म्हणाल्या, पोरीला कशाला घाबरवायचं, आणि सासरचे काय म्हणतील! म्हणून हे पत्र. हे तुझ्याही बाळाला होऊ शकतं. उलटी उडाली की त्याच दिवशी सर्जन गाठ. तुझं दूध बाधलं असं कुणीतरी म्हणेलच, आणि सगळ्यात आधी तुझी आईच म्हणेल.

तुझीच, अजूनही,
वहिनी