वीतभर पुढे

४ फेब्रुवारी, सोमवार

चि. भावास,

अनेक आशीर्वाद, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी बरी आहे. कंबर अधूनमधून धरते, पण ते तू विचारलेलं नाहीस, तेव्हा राहू दे. तुझ्या बायकोला आणि टिल्लीला आशीर्वाद. ते मात्र मनापासून.

अकरा वर्षांत तू मला चार पत्रं लिहिलीस आणि चारही कामाची. या वेळचं काम म्हणजे बाबांचा कॅमेरा. लेक चौदा वर्षांची झाली, तिला फोटो काढायला शिकायचं आहे, आणि 'कॅमेरा नाहीतरी दुकानात पडूनच आहे', तर ताईने तो पाठवून द्यावा. पडून नाही, ठेवलेला आहे. आणि मिळणार नाही.

कारण हवं असेल तर तुझंच पत्र पुन्हा वाच. 'इकडे एक चांगला मेकॅनिक आहे, त्याच्याकडून एकदा उघडून तपासून घेईन.' हे तू कोणाला लिहितो आहेस? वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून मी या टेबलाशी बसते आहे. बाबांचा हात थरथरायला लागल्यावर या दुकानातला प्रत्येक कॅमेरा मी उघडला आणि मीच बंद केला. तरी बाहेरच्या पाटीवर आजही बाबांच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असंच आहे. त्या चिरंजिवांनी आयुष्यात एक स्क्रू फिरवलेला नाही. गिऱ्हाइकं अजून आत डोकावून विचारतात, मेकॅनिक आहेत का. आणि आता तू, घरचा माणूस, मी जोडलेला कॅमेरा दुसऱ्याकडून तपासून घेणार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असं तुला वाटत असेल, तर बरोबर वाटतं आहे.

टिल्लीला दुसरा कॅमेरा घेऊन दे. घेताना नुसता वरून चकचकीत बघून घेऊ नकोस. आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लाव. हाताने फोकस करायचा तर सगळा खेळ तिथे आहे. आत दिसणारं चित्र मोठं आणि स्वच्छ हवं. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत ते टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं, तेही अंधारलेलं. आतली दुधी काच चांगली असेल, तर रिंग फिरवताना चेहरा एका क्षणी पुसटातून एकदम वर येतो, त्यात शंकेला जागा राहत नाही. काच वाईट असली की सगळंच थोडं थोडं बरं दिसतं आणि माणूस अंदाजाने बटण दाबतो. दुकानदार घाई करेल. करू दे. खिडकीचे गज, पलीकडच्या इमारतीवरची अक्षरं, काहीही बघ, पण अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळून बघ. उजेडात सगळेच कॅमेरे शहाणे असतात.

तू लिहिलं आहेस, 'माझे डोळे गेले, तिचे तरी कामी येऊ देत.' तो विषय मला काढायचा नाही. वर्तमानपत्रातली नोकरी तू का सोडलीस ते सगळ्यांना ठाऊक आहे. उगाळत बसायला मला वेळ नाही.

कॅमेऱ्यासाठी पुन्हा लिहू नकोस.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी, गुरुवार

चि. भावास,

आशीर्वाद. पुन्हा लिहू नकोस म्हटलं होतं, तरी लिहिलंस. ऐकायची सवय तुला कधीच नव्हती.

तुझं पाकीट सोमवारी आलं. एकदा वाचून दोन दिवस मी ते टेबलावर तसंच ठेवलं आणि काल दुपारी दुकानाचं दार लावून पुन्हा वाचलं. म्हणजे तू तिला कोणाचा तरी जुना, स्वस्त कॅमेरा घेऊन दिलास. माझं अर्धं पत्र व्ह्यूफाइंडरवर होतं, ते तू बहुतेक वाचलंच नाहीस. तिने काढलेले बावीस फोटो पाठवलेस, त्यातले सोळा पुसट. आणि खाली तुझं ते वाक्य, 'आपल्या घराण्याचे डोळेच असे. मी तिला सांगितलं, बाळा, हा नाद सोड, माझं झालं तेच तुझं होईल. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो आहे.'

गाढवा.

मी ते सोळा फोटो भिंग लावून पाहिले. शेजारणीच्या फोटोत फोकस मागच्या दारावर आहे. कुत्र्याच्या फोटोत पुढच्या पायरीवर. तुझ्या बायकोच्या फोटोत मागे, तुझ्या फोटोत पुढे. कुठे काही धरबंध नाही. हे डोळ्यांचं काम नाही. पोरीला आत काही दिसतच नाही, म्हणून ती चाचपडते आहे. आणि ज्या सहा फोटोंत फोकस बरोबर बसला, ते सगळे खिडकीपाशी, भरपूर उजेडात काढलेले आहेत. दिसलं तेव्हा तिने अचूक पकडलं. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे आठ वर्षं वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतास.

डॉक्टरकडे न्यायचं तर ने, तपासायला कोणाचं काही जात नाही. पण तू तिच्या डोक्यात जे भरवलं आहेस ते आजच्या आज काढ.

आता तुझं.

तुझे ते शेवटचे फोटो मी विसरलेले नाही. कारखान्याच्या फाटकाशी मॅनेजरसमोर उभी राहिलेली ती बाई, मूठ उगारलेली. मूठ कोरून काढल्यासारखी स्पष्ट आणि चेहरा मऊ. बक्षीस समारंभातला म्हातारा शिक्षक, पुढे धरलेलं प्रमाणपत्र वाचता येतं आणि माणूस ओळखू येत नाही. आठ दिवसांत तीन कामं, तिन्ही संध्याकाळची किंवा बंद दालनातली, आणि तिन्हींत फोकस चेहऱ्याच्या वीतभर पुढे. दर वेळी वीतभर. दर वेळी पुढेच.

डोळे कमजोर झालेल्या माणसाचा फोकस कधी पुढे पडतो, कधी मागे. तो असा मोजून एकाच जागी चुकत नाही. तसा फक्त कॅमेरा चुकतो. हे या धंद्यातल्या कोणालाही कळतं. बाबांनाही कळलं असतं, पण तोवर त्यांना भिंगातूनही धड दिसत नव्हतं. ते म्हणाले, "तुझी नजर गेली रे." आणि तू मान खाली घातलीस. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मी फोटो पाहिले होते. मला त्याच क्षणी कळलं होतं.

कळलं होतं, कारण बाबांनी तुला दिलेल्या त्या कॅमेऱ्यातली दुधी काच मी बसवली होती.

तुला आठवत असेल. जुन्या काचेतून अंधारात दिसत नाही म्हणून तू माझ्यामागे भुणभुण लावली होतीस. मी सांगत होते, जुनी काच अंधारी आहे पण खरं बोलते. तुला उजळ हवी होती. ठीक. काच बदलायची तर तिच्याखाली पितळेची एक पातळ पट्टी बसवावी लागते, कागदापेक्षा थोडी जाड. लेन्सपासून फिल्म जितकी लांब, तितकीच ती काचही लांब राहावी म्हणून. पट्टी घालायची राहिली की काच खाली बसते. मग आत दिसतं एक आणि फिल्मवर उमटतं दुसरं. उजेडात लेन्सचं छिद्र लहान ठेवतात, तेव्हा ही चूक झाकून जाते. छिद्र पूर्ण उघडलं की ती बाहेर येते.

त्या दिवशी तू दोन मित्रांना घेऊन आलास आणि काउंटरवर बोटं वाजवत म्हणालास, "आमच्या पेचकसबाई आहेत ना, पाच मिनिटांत करून देतील." बाबा हसले. मित्र हसले. मी कॅमेरा बंद केला, तुझ्या हातात दिला आणि टेबल आवरायला घेतलं, तर कापडावर पट्टी. तू अजून रस्ता ओलांडत होतास. एक हाक मारली असती तर तू थांबला असतास.

मी हाक मारली नाही. तुझ्या मित्रांसमोर दारात उभं राहून, माझं चुकलं, परत आण, असं मला ओरडायचं नव्हतं. म्हटलं, उद्या घरी आला की गुपचूप बसवून देऊ. उद्या तू आला नाहीस. आठव्या दिवशी आलास तो फोटो घेऊन.

तेव्हा तरी बोलायचं होतं. का बोलले नाही ते लिहिते, गोड करून लिहीत नाही. बोलले असते तर बाबांनी मला पुन्हा गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याला हात लावू दिला नसता. हे टेबल सोडून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हे एक. दुसरं असं की मला बरं वाटलं. कॅमेरा तुला, पाटी तुला, कौतुक तुला, आणि एकदा, एकदाच, खाली मान तुझी. दोन-तीन दिवस मला बरं वाटत होतं. चौथ्या दिवशी तू नोकरीचा राजीनामा दिलास आणि कॅमेरा आणून बाबांच्या मांडीवर ठेवलास. मग बोलायची हिंमतच राहिली नाही. त्यानंतर मी रोज मूग गिळून गप्प बसले आणि राग मात्र तुझ्यावर काढत राहिले, का ते तुला कधी कळलं नसेल.

आता तू घरोघर फिरून पाण्याच्या मीटरचे आकडे वाचतोस. मुंगीएवढे आकडे, खड्ड्यात, काचेवर चिखल. इतक्या वर्षांत एक आकडा चुकला नाही असं तूच मागे लिहिलं होतंस. हे लिहिताना स्वतःच्या नजरेबद्दल तुला काहीच शंका आली नाही, याचा मला तेव्हाही संताप आला होता. कोणीतरी म्हणालं आणि तू मानलंस. एकदा दुसरा कॅमेरा हातात घेऊन बघायचं होतंस. एकदा भांडायचं होतंस माझ्याशी. मी कदाचित बोलले असते.

शेवटच्या महिन्यात बाबा मला विचारायचे, "त्याची नजर कशी आहे गं आता?" मी म्हणायचे, "तशीच आहे." ते उशीवर मान वळवायचे. तीन वेळा विचारलं त्यांनी, आणि तिन्ही वेळा मी तेच म्हटलं. याला आता काही इलाज नाही. तू मला शिव्या दिल्यास तरी नाही.

कॅमेरा द्यायला मी का नाही म्हटलं ते आता कळलं असेल. तुझ्या मेकॅनिकने तो उघडला असता तर त्याला पाच मिनिटांत दिसलं असतं. आणि मी आधीच नीट करून पाठवला असता, तर एक फिल्म काढून तुझं तुलाच कळलं असतं. दोन्हीकडून मी सापडले असते. पण टिल्लीला डॉक्टरकडे नेण्याचं वाचलं आणि वाटलं, सापडू दे.

काल काच काढली. पट्टी बसवली. जुनी काच घालणार होते, पण पोरीला उजेड लागेल, म्हणून उजळच ठेवली आणि नीट बसवली. टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवून, एका ओळीवर फोकस करून, छिद्र पूर्ण उघडून बारा फोटो काढले. बारा वेळा तीच ओळ स्पष्ट आली. फिल्म धुऊन सोबत ठेवली आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, भिंग घे आणि बघ. तुझ्या मेकॅनिकलाही दाखव, माझी हरकत नाही.

कॅमेरा टिल्लीचा. पण पहिली फिल्म तू काढ, घरात, संध्याकाळी, तिच्या चेहऱ्यावर फोकस करून. आणि त्याआधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. सगळं, गाढवासकट. आत्या कशी आहे ते तिला कळलं तरी चालेल. तिला जे खोटं सांगितलं गेलं ते तुझ्या तोंडून गेलं, पण ते आलं होतं माझ्याकडून.

माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मी सुटेन. तू आधी रागव. नीट रागव, या वेळी मान खाली घालू नकोस. काय बोलायचं ते इथे येऊन, या टेबलासमोर उभं राहून बोल. मी दुकान बंद ठेवीन.

तुझे डोळे कधीच बिघडले नव्हते हे अकरा वर्षं माहीत असलेली,
तुझी ताई