आज गावातलं कोणी आलं नाही

१८ एप्रिल २०२०
दिवसभरात चार पेशंट! चौदा वर्षं कॅज्युअल्टीत काढली, असा शनिवार बघितला नाही. हायवेवरचे अपघात बंद, ते एक समजू शकते. पण छातीत दुखणारे, लकव्याचे, साप चावलेले— हे सगळे गेले कुठे? अख्खं पेण एकदम ठणठणीत झालं की काय! डॉक्टर इशिता म्हणाल्या, "सिस्टर, अटॅकसुद्धा घाबरून घरी बसलाय." खूप हसलो.
मी क्वार्टरवरच राहते. गाव इथून पंधरा मिनिटांवर, पण जायचं नाही. ह्यांचा फोन आला होता. कारखान्यात गणपतींचं रंगकाम चालू आहे म्हणे. मूर्तींचे डोळे आखायला सबंध गावात हेच. "तू नाय घरात, तर डोळेच काढत बसतो," म्हणाले. चावट!

२१ एप्रिल
माधवराव गुरुजींचा फोन. गावच्या कोरोना समितीचे प्रमुख तेच. नवा नियम केलाय— दवाखान्यात जाऊन येईल त्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं. आजार कुठलाही असो. "पण लोक लपवतात गो. तू तिथंच हायस. आपल्या गावातलं कोण आलं, ते रोज संध्याकाळी कळवत जा." हो म्हटलं. घरी सासूबाई सत्तरीच्या, दम्याच्या. त्यांना जपायला नको?

२२ एप्रिल
दोन नावं कळवली. एकाचं नुसतं बोट कापलेलं. त्यालाही शाळेत बसवला! जरा वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

९ मे
दहा दिवस झाले, गावातलं एकही नाव नाही. गुरुजी खूश. मीपण! गाव शहाणं झालं म्हणायचं.

१६ मे
रोह्याचा एक माणूस आणला. कंपनीत कामाला, वय पंचेचाळीस. छातीत तीन दिवस दुखत होतं, घरात ओव्याचं पाणी देत बसले. आमच्या हातात वीस मिनिटं होता, बस. गेला. डॉक्टर इशिता म्हणाल्या, पहिल्या दिवशी आला असता तर चालत घरी गेला असता. त्याची बायको माझा हात सोडेना. "इथं आलं की कोरोना लागतो, असं सगळे बोलत व्हते. आमचं चुकलं काय ओ?"
मग आपल्या गावाचा विचार आला. तिथे कोणाच्या छातीत दुखतच नाही? गुरुजींना म्हणावं, नियम जरा सैल करा. उद्या करते फोन.

१७ मे
राहिला फोन.

१४ जून
तीन तारखेच्या वादळानं गेलेलं नेटवर्क आज आलं. ह्यांच्याशी बोलले. आवाज दमल्यासारखा. "खांदा भरून आलाय. पत्रे उडाले ना, सगळे गणपती उचलून आत घेतले." ताप? नाय. खोकला? नाय. मग ठीक आहे, म्हटलं.

२३ जून
हे गेले.

१ जुलै
शाळेत आहे. हॉस्पिटलातून आले ना, म्हणून मलाही चौदा दिवस! ह्यांना लांबूनच बघितलं. हातसुद्धा लावू दिला नाही.
धाकटा दीर कान्हू डबा घेऊन येतो, खिडकीबाहेर उभा राहतो. आज म्हणाला, "वयनी, दादाला आठ दिवस तरास व्हता. मी बोललो, गुपचूप जाऊन येऊ. तर बोलला, गुपचूप कसं? तिथून नाव येतंच."
तिथून! म्हणजे माझ्याकडून. गावाला सगळं ठाऊक होतं. शहाणं-बिहाणं कोणी झालं नव्हतं, मला घाबरून घरात बसले होते. आणि मी खांदा दुखतो ऐकून छातीचं विचारायचं सोडून ताप-खोकला विचारते! चौदा वर्षांची सिस्टर! कानाखाली मारावीशी वाटते स्वतःच्या.

३ जुलै
गुरुजी आले. दारात उभे राहून रडले. "आजपासून नियम काढला." आता काढतात! मी पाठ फिरवून बसले. पण नावं मीच दिली.

९ जुलै
ड्यूटीवर रुजू झाले. गेटवरचा अमोल भेटायला आला. त्याला मोबाइलवर ह्यांचा फोटो दाखवला. "सिस्टर, हे आले होते. एकवीस तारखेला. बाहेर कट्ट्यावर बसले होते. आत ड्यूटीला कोण, विचारलं. मी म्हटलं हेमांगी सिस्टर. बोलवू का? तर उठलेच. म्हणाले, नको, तिला माझं नाव कळवावं लागंल."
त्या दिवशी एकही पेशंट नव्हता. मी आत रिकामी बसले होते.