पूल उतरवण्याआधी

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल! तुझ्या बायकोने मात्र पानभर लिहिलंय, म्हणून कळलं की आपल्या भुंग्याच्या फौजेतल्या तुकडीच्या साहेबांनी तुम्हा दोघांना बोलावलंय. पुरात त्यांनी घाईने उभारलेला लोखंडी पूल आता काढणार, कारण शेजारी पक्का पूल तयार झाला. काढण्याआधी आईबापांनी तो एकदा पाहावा असं त्यांच्या मनात आहे. आणि तू म्हणे पत्र खणात टाकून गप्प बसलास.

माझा भाचा, तुझा भुंग्या, एकविसाव्या वर्षी त्या पुलापायी गेला. माझे गुडघे धड असते तर मीच गेले असते. रजा मिळत नाही ही थाप मला मारू नकोस. खरं काय ते लिही.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच आहे, रागावले तरी.

तुझी अक्का


२० फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो. हिला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

फौजेत जाण्याआधी भुंग्या दोन वर्षं कारखान्यात माझ्या हाताखाली होता. हात चलाख, पण धीर नावाला नाही. बोल्ट आवळला की गुणगुणत पुढे. मी शंभरदा ओरडलो असेन की शेवटचा बोल्ट बसला म्हणजे काम संपत नाही. परत पहिल्यापासून एकेक हाताने चाचपायचा, मगच संपलं म्हणायचं. तो नुसता हसायचा. निघाला त्या दिवशी मी रागाने म्हणालो होतो की तुझ्या हातचा पाळणासुद्धा मी टांगणार नाही. त्यानंतर आमचं नीट बोलणं झालंच नाही.

सरकारी पत्रात एवढंच आहे की पुलावर काम करताना पाण्यात पडला. कशामुळे? काही सुटलं का? ते कोणी आवळलं होतं? तीस वर्षं मी दुसऱ्यांची कामं तपासतोय, तिथं गेलो तर माझे डोळे बोल्टांवरच जाणार. पोर स्वतःच्याच ढिलाईने गेलं असं दिसलं तर मी हिला काय तोंड दाखवू?

चुकलं असेल तर पदरात घे.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून रडले, मग तुझा रागही आला. एवढा मोठा तपासनीस तू, आणि काम न बघताच पोराला नापास करून मोकळा झालास!

जा. एखादा बोल्ट ढिला निघाला तर मला लिही, आपण दोघं मिळून सोसू. पण बायकोला घेऊन जा. ती त्याची आई आहे, तुझ्या भीतीपायी तिला घरी बसवू नकोस.

गाडीत गार वारा लागतो, कान बांधून बस. आशीर्वाद आहेतच.

अक्का


१९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आम्ही जाऊन आलो. ती नदी केवढी रुंद आहे! आता ओसरलेली आहे, तरी पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. पुरात ती कशी असेल, आणि तिच्यावर आपलं पोर उभं होतं!

साहेबांची परवानगी काढून मी पाना घेतला आणि या काठापासून त्या काठापर्यंत एकेक बोल्ट पाहिला. दुपार झाली. ही काठावर बसून होती. सगळे घट्ट होते, अक्का. एकही हलला नाही.

मग साहेबांनी सांगितलं. त्या संध्याकाळी काम झालं होतं, बाकीचे चहाला बसले होते, पलीकडे बायकापोरं रांगेत उभी होती. भुंग्याने साहेबांकडे अर्धा तास मागितला, पहिल्यापासून सगळं हाताने चाचपायला. सोबत्यांनी टिंगल केली. मध्यावर त्याला दोन बोल्ट ढिले सापडले, दुसऱ्याच कोणाच्या हातचे. ते त्याने आवळले. परत येताना वाहत आलेलं झाड पुलावर आदळलं आणि तो फेकला गेला. पूल हादरला, पण टिकला. अंधार पडेपर्यंत चारशे माणसं त्यावरून आली. ही सवय त्याला कुठून लागली, असं साहेबांनी विचारलं. हिने सांगितलं, बापाकडून.

मी शिकवलं नसतं तर तो चहा पीत बसला असता, आज असता. हे मनातून जात नाही, जाणारही नाही. पण मी आयुष्यभर प्रत्येक काम दुसऱ्यांदा पाहिलं ते मुकादमाच्या धाकाने. त्याने पाहिलं ते तोंडओळखही नसलेल्या माणसांसाठी. मी त्या पुलावर हात जोडून उभा राहिलो. बापाने पोरापुढे असं उभं राहावं की नाही, ते मला माहीत नाही.

आता पूल सुटा करून दुसऱ्या नदीवर नेणार आहेत. निघताना साहेबांनी आठवण म्हणून त्यातला एक बोल्ट कागदात गुंडाळून हिच्या हातात ठेवला. हिने तो थोडा वेळ मुठीत धरला आणि परत केला. म्हणाली, राहू द्या, तिकडे एक कमी पडेल.

आम्हा दोघांवर लोभ असू दे.

तुझा धाकटा