पडतात. उठत नाहीत.

बुधवार, १४ तारीख

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. साष्टांगातला आडवं होण्याचा भाग कागदावरच उरकते, कारण डावा गुडघा गेल्या वर्षापासून बोलायला लागलाय. माझ्या मालिकेतल्या बायकांसारखाच तो तीच गोष्ट रोज नव्याने सांगतो.

बाकी इकडे ठीक. वॉशिंग मशीन बदललं. नवं यंत्र काम संपलं की गाणं वाजवतं. चार कपडे धुतले की लगेच सत्कार हवा, थेट आपल्या धंद्यातलं दिसतंय. इमारतीची लिफ्ट अखेर दुरुस्त झाली, त्यामुळे आता जिन्याने चढावं लागत नाही. जिन्याचा विषय मी का काढला कोण जाणे. जाऊ दे.

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. “टीव्हीवर सोहळा पाहिला. मी बक्षीस घेऊन बोलत होतो तेव्हा तू रडत होतीस. पुरे झालं आता. रविवारी अकराला जेवायला ये. दादा.” सहा वर्षांनी आलेलं पहिलं अक्षर, आणि त्यात खोडण्यासारखं काही नाही. मी ते फ्रिजवर लावलं. काढलं. परत लावलं. दिवसभर घरात उगाच इकडून तिकडे फिरत होते.

मग संध्याकाळी आठवलं की मी रडलेच नव्हते.

ऐक. तू टीव्हीवर पाहिलीस ती मी दुपारी पावणेतीनची. सोहळा सुरू झाला साडेपाचला. तू नेहमीप्रमाणे उशिरा आलास, म्हणून तुला ठाऊक नसेल, पण आम्हा पुढच्या चार रांगांना दुपारीच बोलावतात आणि समोर काहीही नसताना दाद द्यायला लावून ती चित्रित करून ठेवतात. मंचावर एक माणूस झाडू मारत होता आणि आम्ही दीडशे लोक उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. कानाला यंत्र लावलेली फ्लोअर मॅनेजर पोरगी खालून ओरडत होती, “आता हसा! आता पोट धरून! आता ‘अरे वा’ असं शेजारच्याकडे बघा! चौथ्या रांगेतल्या मॅडम, हेवा जरा कमी करा!” झाडूवाल्याने एकदाही वर पाहिलं नाही. त्या दिवशी तिथे दिसलेला तेवढाच खरा कलावंत.

मग ती पोरगी म्हणाली, “आता भारावून जा.”

मी विचारलं, “कशाने?”

“ते एडिटर ठरवतील.”

मला भारावता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? आई गेली तेव्हा मी कपाटात कागदपत्रं हुडकत बसले होते, आणि रडण्याचं काम तू दोघांच्या वाटणीचं केलंस. शेवटी मेकअपवालीने माझ्या डोळ्यांखाली एक कांडी फिरवली, सर्दीवर छातीला चोळतात तसल्या वासाची, आणि धरण फुटलं. चार वाजेपर्यंत नाक वाहत होतं. ते पाणी एडिटरने नेऊन तुझ्या भाषणावर चिकटवलं.

माझं दिलदार हसूसुद्धा त्याच दुपारचं. संवादलेखनाचं बक्षीस हुकलं तेव्हा मी किती मोठ्या मनाने हसले, असं तिघांनी फोन करून सांगितलं. हरण्याच्या तीन तास आधी हसून घेतलं होतं! चौदाव्यांदा हुकलं. या वेळी ज्या मुलीला मिळालं, तिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा मी पहिला भाग लिहिला होता. चांगलं लिहिते. वाईट वाटलं ते एवढ्याचंच.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझी वाक्यं मधेच बदलतोस. आणि न सांगता कांडीच्या पाण्यावर तुझ्याकडे जेवून येणं मला जमणार नाही. मी बरंच काही गिळलेलं आहे, पण तो घास उतरायचा नाही.

मग तू बोलत होतास तेव्हा मी होते कुठे? तू विचारणारच, म्हणून मीच विचारते. बाहेर होते. सहायक अभिनेत्यांची नावं वाचायला लागले तशी मी उठले, पर्स घेतली, चेहऱ्यावर ‘बाथरूम’ असा भाव आणला आणि निघाले. कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची चालत नाही. मी दारापर्यंत पोचायच्या आत माझ्या जागेवर भाड्याची एक बाई बसलीसुद्धा. हिरवे कपडे, गळ्यात मोती. माझ्यापेक्षा जास्त लेखिका दिसत होती.

उठले, कारण तुझ्या हातात माईक येण्याची शक्यता होती. तू जे बोलशील ते बोलायचा तुला हक्क होता. फक्त ते तोंडावर ऐकायची माझी छाती नव्हती.

बरं, आता जिना.

नऊ वर्षं माझ्या मालिकेतला सासरा तू केलास. सहा वर्षांपूर्वी मी तुला जिन्यावरून पाडून मारलं. तुला ते सेटवर पानं हातात पडल्यावर कळलं. तू दिग्दर्शकाला विचारलंस, “पुढे?” तो म्हणाला, “पुढे नाही.” त्या दिवशी मी सेटवर फिरकले नाही. तू फोन केलास तेव्हा म्हणाले, “दादा, माझ्या हातात काही नव्हतं रे. चॅनेलचा निर्णय.” तू म्हणालास, “निदान आधी सांगायचंस,” आणि फोन ठेवलास तो ठेवलासच.

दादा, चॅनेलने काहीही सांगितलं नव्हतं. चॅनेलला कळलं ते माझी पानं गेल्यावर. त्यांचं दोन शब्दांचं उत्तर आलं, “धक्का छान.” मीच मारलं तुला.

कारण फार छोटं आहे, म्हणूनच सांगायला सहा वर्षं लागली. मोठं असतं तर आठवड्यात सांगितलं असतं. आदल्या सकाळी सेटवर तू माझी चार पानं उंच धरून सगळ्यांसमोर म्हणालास, “ही वाक्यं माणसं बोलत नाहीत. ही आमच्या हिच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीवर छापतात. वापरण्यापूर्वी हलवा.” सगळं युनिट हसलं. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. विनोद चांगला होता, आणि त्या चार पानांवर नेमका बसत होता. नसता बसत तर मी भांडले असते. घरी आले, पाणी उकळत ठेवलं आणि चपलाही न काढता लिहायला बसले. पाण्याला उकळी यायच्या आत तू गेला होतास.

त्या दृश्यात मी तुझ्या तोंडी मुद्दाम एकही शब्द ठेवला नाही. नऊ वर्षं माझं प्रत्येक वाक्य बदलणाऱ्या माणसाला बदलायला काही मिळू नये म्हणून. फक्त कंसातली सूचना: (सासरे जिन्यावरून पडतात. उठत नाहीत.)

एवढं सोपं मी त्याआधी कधीच लिहिलं नव्हतं.

पुढे दोन वर्षं तुला काम नव्हतं. वहिनीला फोन केला की “बरे आहेत” म्हणायची. औषधाच्या दुकानातल्या माणसाचं ‘बरे आहेत’ म्हणजे काय ते मला कळतं. एकदाच तिच्या तोंडून निसटलं, “मालिका लागली की भिंतीवरचा स्वतःचा फोटो बघत बसतात.” तो फोटो मी चार वर्षं मालिकेतल्या भिंतीवर ठेवला. दिग्दर्शक म्हणायचा, “फोटोबरोबर काम करायला बरं पडतं. वेळेवर येतो, वाक्यं बदलत नाही.” त्या विनोदावर मी हसले नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

मग तुला दुसऱ्या मालिकेतलं ते लिफ्टमनचं काम मिळालं. मी एक भाग चुकवलेला नाही. जिन्याचा धसका घेऊन हे काम निवडलंस की काय, असं पहिल्या भागापासून वाटत होतं. पण काय करतोस रे! बटण दाबायच्या आधी माणसाकडे बघतोस आणि त्याला कुठला मजला हवा ते ओळखतोस. तसली सूचना लिहिणाऱ्याने लिहिलेली नसणार. मला माहीत आहे ती कोणाची.

तर मी बाहेर, चहाच्या पिंपाशी. भिंतीवरच्या स्पीकरमधून आतलं सगळं ऐकू येत होतं. तुझं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, या खऱ्या. तू माईकशी आलास आणि थांबलास. तुझं ते थांबणं मी ओळखते, पुढे वाक्य बदलणार असतं. मी कप हातात धरून स्पीकरखाली सरकले.

“एका लेखिकेने माझ्यासाठी एक सूचना लिहिली होती. पडतात. उठत नाहीत. त्यातलं पहिलं वाक्य मी लिहिल्याबरहुकूम केलं. दुसरं बदललं. काय करणार, सवय आहे. तिने सांभाळून घ्यावं.”

सभागृह हसलं. मला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. सहा वर्षं चावणारी चप्पल पायातून एकदम निघावी आणि पायाला कळूच नये आता काय करायचं, तसं. हसले मी. इतकी हसले की अर्धा चहा अंगावर सांडला. चहावाल्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

“बसा बाई. कोण हो ते?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं. हे दोन शब्द सहा वर्षांत मी कोणापुढे उच्चारले नव्हते.

“झकास बोलतात. लिहून कोण देतं?”

“लिहून दिलेलं बदलतो.”

टीव्हीवर तुझं ते वाक्य नव्हतंच, तू पाहिलंस ना? तुझं तोंड उघडतं, मग मी कांडीने रडते, मग थेट ‘धन्यवाद’ आणि पंख्याची जाहिरात. खरं कापलं आणि खोटं ठेवलं. धंदा तोच आहे, दादा, काही बदललं नाही.

हे पत्र उद्या वहिनीच्या दुकानात देते. रविवारचं आमंत्रण रडणाऱ्या बहिणीला होतं. न रडलेल्या, चपला घालून खून करणाऱ्या बहिणीला ते लागू आहे की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालास तरी मी आजच्याइतकी हलकी राहीन असं वाटतंय. उद्या वाटेल का, ठाऊक नाही. माझ्यापुरतं मी एवढं लिहून ठेवते:

(रविवार. सकाळचे अकरा. धाकटी बहीण जिन्याने तीन मजले चढते. बेल वाजवते.)

पुढची ओळ माझ्या हातात नाही. या वेळी खरोखरच नाही.

तुझी धाकटी आणि एकमेव संशयित,
ठकू


शुक्रवार, १६ तारीख

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. पत्र तुझ्या वहिनीने दुकानातून औषधाच्या पिशवीत घालून आणलं, म्हणून आधी हलवलं, मग उघडलं.

तू रडली नाहीस हे मला माहीत होतं. बोलायच्या आधी मी चौथ्या रांगेत पाहिलं, तर तुझ्या खुर्चीत हिरव्या कपड्यांतली परकी बाई. तेव्हाच ओळखलं. लहानपणी काही फोडलंस की तू पळायची नाहीस, दाराआड उभी राहून ओरडा ऐकायचीस. म्हणून मी माईकच्या जरा जवळ सरकून बोललो, दाराबाहेर नीट पोचावं म्हणून. कार्डावर ‘रडत होतीस’ लिहिलं, कारण बोलवायला निमित्त हवं होतं आणि टीव्हीने ते आयतं दिलं.

चॅनेलचं मात्र माहीत नव्हतं. काल दुपारभर संताप संताप झाला. हिने विचारलं, “रविवारचं करायचं ना?” मी म्हटलं, “काही नको.” मग शूटिंगला गेलो. तीन तास त्या लिफ्टचं दार उघडत होतो, लावत होतो, आणि मधेच काहीतरी लक्षात आलं. सहा वर्षं मी धरून चाललो होतो की चॅनेलला माझा अभिनय नको झाला. ती दोन वर्षं आरशासमोर तेच शोधत होतो, कुठे चुकतोय, आवाज गेला की चेहरा गेला. आता तू सांगतेस की अभिनय जागेवर होता, जीभ वाईट होती. ठके, इतकं हायसं मला बक्षीस मिळाल्यावरही वाटलं नाही. जिभेचं काय, ती आपल्या घराण्याचीच आहे. बाटलीचा तो विनोद मला आठवतसुद्धा नव्हता. तुझ्या पत्रात वाचून हसलो, मग लाज वाटली. क्रम तोच होता, खोटं का सांगू.

घरी येऊन हिला म्हटलं, “कर.” ती म्हणाली, “सामान कालच आणलंय.”

थोडा राग शिल्लक आहे. तो पत्रात वाया घालवत नाही, तोंडावर देईन.

तू पाठवलेली सूचना वाचली. दोन ठिकाणी बदलली आहे. सांभाळून घे.

(रविवार. सकाळचे अकरा. धाकटी बहीण गुडघा जपत लिफ्टने वर येते. बेल वाजवायच्या आधीच दार उघडतं.)

तुझा, उठलेला,
दादा