खांद्याचं हाड

प्रिय दादा,

रविवार, नऊ नोव्हेंबर, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. कॉन्व्हेंटात आमच्या निबंधाच्या सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी वार, तारीख, वेळ. रडणं शेवटी, आणि तेही कागदावर जागा उरली तर. पुढे पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीत बसून माझे केस पांढरे झाले, तेव्हा कळलं की बाई शहाणी होती. म्हणून आधी वेळ दिली. त्या वेळी तुझ्याकडून आलेल्या हाडांचं सूप मी गाळत होते आणि गाळणीत काहीतरी टणकन वाजलं. हाड असं वाजत नाही, दादा. उचलून पाहिलं तर शिशाचा चपटा तुकडा, मसुराएवढा.

तुझे भावोजी टेबलाशी रुमाल बांधून, चमचा हातात घेऊन तयार बसले होते. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना फक्त पातळ सांगितलंय, आणि तोंड म्हणशील तर चमच्याएवढं झालंय. पुढ्यात ठेवलेली वाटी मी परत उचलली. ते म्हणाले, “अगं, शिकारीचं म्हटल्यावर शिसं निघायचंच. काढ बाजूला आणि दे इकडे.” मी म्हटलं, हाडांचा कस उतरावा म्हणून व्हिनेगर घातलंय मी, त्यात शिसंही उतरतं; टाके न वाळलेल्या माणसाला शिशाचा काढा पाजू का? अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. सध्या घरात तेवढीच शांतता आहे.

आता तू म्हणशील, एका तुकड्यासाठी एवढं आकांडतांडव? थांब जरा. तुकड्याचं मी पोटात घातलंही असतं. पण त्या हाडांनी शनिवारपासूनच मला छळायला सुरुवात केली होती. आईने शिकवलं तसंच सगळं केलं होतं. हाडं आधी ओव्हनमध्ये लाल केली, मग गार पाण्यात घातली, फेस आला तसा काढत राहिले. हरणाच्या अंगात चिकटपणा कमी, म्हणून कोंबडीचे पाय आणून घातले. उकळी फुटू दिली नाही. तुला आठवतं ना, आपल्या स्वयंपाकघरात कामं वाटलेली असायची. बाबा हरीण आणायचे, तू हाडं फोडायचास, मी फेस काढायचे. घाव घालताना तू डोळे घट्ट मिटून घ्यायचास, किरच्या उडतात म्हणून, आणि आई किंचाळायची, “अरे मेल्या, बोट जाईल!” बोट कधी गेलं नाही. घाव मात्र दर वेळी बरोबर सांध्यावर.

तर शनिवारी दुपारी झाकण काढलं आणि बोकडाचा वास आला. भपकाच म्हण. आधी मी कोंबडीवाल्याला शिव्या घातल्या. मग पायाची नळी चिमट्याने वर काढून पाहिली. हरणाची नळी लांब आणि बारीक असते, शिडशिडीत, पळणाऱ्याची. ही आखूड, जाडजूड, गोठ्यात खाऊन-पिऊन सुखी असलेल्याची. मी फेस काढत मोठी झाले, दादा. माझ्या डोळ्यांत धूळ फेकता येईल, नाकात नाही. आणि मग खांद्याचं ते पसरट हाड. त्याला भोक. कमरेच्या हाडालाही भोक. बोकड काय कोणी बंदुकीने मारतं? खाटीक सुरी चालवतो, बार काढत नाही.

मला वाटलं, दादाने फसवलं. यंदा शिकार मिळाली नाही, बढाई मारायची सवय जात नाही, म्हणून कुठलंसं बोकड हरणाच्या नावाखाली आजारी माणसाच्या गळ्यात मारलं. रविवारी पातेलं ओतून झाल्यावर मी फोन लावला तो तुझी चांगली खरडपट्टी काढायला. तोंडात काय काय तयार होतं ते आता लिहीत नाही; सिस्टरांना वर स्वर्गातही ऐकू गेलं असतं. पण मी तोंड उघडायच्या आत तूच सुरू झालास. “काय टिपलंय म्हणून सांगू धाकटे! दिवस मावळत होता, झाडीच्या कडेला उभं होतं. मी जवळ गेलो तरी मानसुद्धा वळवली नाही बेट्याने. एका गोळीत आडवं!” आणि तू हसलास. मी तुला जन्मापासून ओळखते. खोटं बोलताना तू हसत नाहीस, खोकतोस.

माझा राग जागच्या जागी थिजला. माणसाची चाहूल लागूनही मान वळवत नाही असं हरीण अजून जन्मायचंय. मान न वळवणारं जनावर एकच, ज्याला माणसाने रोज चारा घातलाय. आणि एका गोळीने दोन भोकं पडत नाहीत, एक खांद्याला आणि एक पार कमरेला; चुकलेली गोळी तू मोजत नाहीस, एवढंच. मी विचारलं, शिंगं कशी होती रे? तू म्हणालास, “पोरानेच सोललं सगळं, माझ्या कमरेला आता वाकवत नाही. त्यालाच विचार.” तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला. दूध उतू जातंय म्हणाल्या आणि ठेवून दिला. तुमच्याकडे दूध सकाळी सातला तापतं, तेही मला माहीत आहे.

मग मी खुर्चीत बसले आणि एकेक आठवू लागले. मागच्या वेळी तू आमच्याकडे आलास तेव्हा दारामागच्या खुंटीवरच्या कोटाला म्हणालास, “काय भावोजी, बरे आहात ना?” आम्ही पोट धरधरून हसलो. तूही हसलास, पण एक क्षण उशिराने. चहा कपाबाहेर ओतलास आणि टेबल डुगडुगतं म्हणालास. टेबल डुगडुगत नाही; तुझ्या भावोजींनी त्याच्यावर चढून पंखे पुसलेत. घरात सगळ्यांना थट्टेखोर म्हणून माहीत असण्याचा हा फायदा, दादा. माणूस आंधळा होत चालला तरी लोक टाळ्या देतात.

लिहिलं शेवटी. खोडत नाही.

वहिनींवर डाफरू नकोस. त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत, पोरगाही नाही. ज्याचं बोकड गेलं त्याची समजूतही त्यांनी तुला कळू न देता घातली असणार, कारण तुला ‘ते हरीण नव्हतं’ असं सांगायचं धाडस तुमच्या घरात कोणाला आहे? एवढं मात्र सांगते. वहिनी इतकी वर्षं मला हाडं पाठवतात. धुऊन, पुसून, गोळीच्या भोवतालचं वीतभर कापून टाकून. आजवर एक केस सापडला नाही मला. या वेळी भोक पडलेलं खांद्याचं हाड गाठोड्यात सगळ्यात वर होतं. हाडं फेकून देता आली असती, कुत्र्यांना घालता आली असती. ती पोचली माझ्याकडे, जिला वासावरून जनावर कळतं. वहिनींच्या हातून चूक होत नाही, दादा. मी एवढंच म्हणते.

बाबांनी बंदूक तुझ्या हातात दिली तेव्हा मीही तिथे होते. दिली तुला, पण वाक्य दोघांकडूनही पाठ करून घेतलं होतं: आधी ओळख, मग रोख. तू माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटलं होतंस. बाबांचे डोळे अधू झाले त्या वर्षी त्यांनी काय केलं? बंदूक खुंटीवरून काढली आणि तुला दिली. आपण दोघं रडलो, ते नाही रडले. त्यांच्याकडून नेम तेवढा उचललास, हे नाही उचललंस.

आणि आता हे पत्र का, ते. शनिवारी, पंधरा तारखेला, तुम्ही पुन्हा निघताय. मला पोराकडूनच कळलं, तो सहज बोलून गेला. नेहमीसारखं, तो पुढे जाऊन झाडी हलवणार आणि तू मागे बंदूक घेऊन उभा. मी त्याला विचारलं, ते बोकड कोणत्या रंगाचं होतं रे? तो म्हणाला, “तपकिरी, आत्या.” दादा, त्याचं जॅकेट तपकिरी आहे. मीच घेऊन दिलंय, थंडी बाधते म्हणून. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, “मी नाही गेलो तर बाबा एकटे जातील.” तुझा मुलगा तुझा मान राखायला तुझ्या बंदुकीपुढे चालतोय. तो घाबरलाय, आणि तो तुला ते सांगणार नाही.

वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय हे मला माहीत आहे. थांबू नका. आवाज कापला तर पाणी प्या आणि पुढे वाचा. हे सगळं मी म्हणतेय, तुम्ही नाही. दादा, शुक्रवार, चौदा तारीख, संध्याकाळी पाचच्या आत बंदूक पोलीस चौकीत जमा केल्याचं तुझं लेखी उत्तर माझ्या हातात हवं. पोराबरोबर पाठव. फोन चालणार नाही, वहिनींचं अक्षर चालणार नाही. तुझ्या हाताने लिही. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चढू देत, मी लावून घेईन. तुझं गिचमिड मी शाळेपासून वाचतेय. पाचपर्यंत आलं नाही, तर त्या खांद्याच्या हाडासकट मी चौकीत जाईन आणि सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार लिहीन. वार, तारीख, वेळ घालून. आलं, तर रविवारी वहिनींना घेऊन इकडे ये. खाटकाकडून चांगली हाडं आणून ठेवते. माझ्या मनगटात आता जोर नाही. ती तू फोड. त्याला डोळे लागत नाहीत, तू तेव्हाही मिटूनच फोडायचास.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझीच धाकटी