धुतलेल्या कागदाचं पाणी

३ एप्रिल, सकाळी ७
बंगळुरूहून रागिणीने कॉफीचा सरंजाम पाठवला. काचेचं भांडं, वर नरसाळं, नरसाळ्यात तपकिरी कागद. लेकीची आज्ञा : कागद आधी उकळत्या पाण्याने धुवायचा, नाहीतर कॉफीला कागदाची चव. धुतला. पेलाभर पाणी मोरीत. कॉफी सात्त्विक. आजपासून चहा वर्ज्य.

सकाळी ९
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी. परवाच पेपरात ‘थेंब जपा’ हा लेख दिला. मीच. मन खातंय.

४ एप्रिल
तोडगा सापडला. धुवणाचं पाणी बायकोच्या, हर्षाच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. गरमच असतं, गॅसही वाचतो. तिला सांगितलं नाही. दान गुप्त असावं.

७ एप्रिल
हर्षा म्हणाली, “चहाले पुठ्ठ्याचा वास येऊन राहिला.” मी म्हणालो, पत्ती बदलून पाहा. हा सल्ला आहे, असत्य नव्हे.

९ एप्रिल
पत्ती बदलली, वास कायम. संशय दुधावर. नत्थुजी एकोणीस वर्षं बार्शीटाकळीहून दूध आणतात. हर्षाने फाटकातच धरलं, “काय मिसळून राहिले जी तुमी?” त्यांनी म्हशीची शपथ घेतली. मी पेपर वाचत होतो. उलटा. उद्या सगळं सांगणार.

१० एप्रिल
हर्षाचा उपास. उपाशी माणसाला धक्का देऊ नये.

१२ एप्रिल
नत्थुजींचं दूध बंद. पिशवी सुरू. जाताना मला म्हणाले, “साहेब, तुमी तं शिकलेले. माही म्हैस खोटी आहे का, तुमीच सांगा.” चौकशी करतो म्हणालो. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
पिशवीच्या दुधालाही वास. प्रायश्चित्त : यापुढे कागद धुणार नाही. पण माझी जीभ संस्कारित, पहिल्याच घोटाला कागद लागणार. धुतला.

१५ एप्रिल
रागिणीचा फोन, स्पीकरवर. म्हणाली, बाबा, उन्हाळ्यात ते पाणी वाया जात असेल ना? मी अभिमानाने सांगून गेलो, एक थेंबही नाही, सगळं आईच्या... इथे थांबलो. हर्षा गंजाकडे पाहत होती. मग माझ्याकडे.

१६ एप्रिल
रात्रभर माफीचा मसुदा. चार परिच्छेद, समास जरा जास्त. सकाळी हर्षाने नत्थुजींना बोलावून घेतलं. मसुदा खिशातच राहिला. “चूक माझी,” एवढंच निघालं. ते म्हणाले, “मले काहून सांगता? म्हशीले सांगा.” रविवारी बार्शीटाकळीला जाणं आहे.

हर्षाने त्यांना बशीत चहा दिला. मला कॉफी, स्वतः केलेली. घोट घेतला. जरा बरं वाटलं. म्हणालो, कागद निगुतीने धुतला की कसं लगेच जिभेला कळतं!

“धुतलाच नाही,” हर्षा म्हणाली.

नत्थुजींनी बशी उचलून तोंड झाकलं.