शुद्ध पाण्याला ग्लोव्हज कशाला

३ मार्च, सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ज्याने काम केलं त्यानेच ठेवावी.
हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये नवं मशीन आलंय. पेशंट औषधं घेतात, त्यातली बरीचशी शरीरातून तशीच बाहेर पडतात आणि सांडपाण्यातून नदीला जातात. आमच्या जुन्या टाक्यांना ती पकडता येत नाहीत. या मशीनमध्ये पाण्यात पत्रे बुडवलेले आहेत. त्यांतून वीज सोडली की औषधांचा पार चुरा होतो. लॅब तीन वेळा पाणी तपासणार. रिपोर्ट चांगले आले तर मशीन कायम आणि मी त्याचा ऑपरेटर. नाहीतर मशीन कंपनीत परत आणि मी लॉन्ड्रीच्या बॉयलरवर परत. तिथे अकरा वर्षं काढली आहेत. साहेबांना सांगून टाकलं, जबाबदारी माझी.
संकल्प: पाचला उठणे. कुणावरही न रागावणे.

४ मार्च
पावणेसातला उठलो. पण प्रसन्न होतो.
देवाचं नाव घेऊन स्विच दाबला. बारीक बुडबुडे आले. गढूळ पाणी आत जातं आणि नितळ होऊन बाहेर येतं. असं काही बघितलं की माणसाने थोडा वेळ गप्प उभं राहावं. कंपनीचा इंजिनियर आहे, पोरगेलासा, मी त्याला मनात चष्मा म्हणतो. तो म्हणाला, काका, उभं राहून काय होणार, व्हॉल्व्ह उघडा.
व्हॉल्व्ह फार घट्ट. खांदा धरला. जेल चोळलं.

८ मार्च
पहिल्या बाटल्या भरल्या. आत जाणाऱ्या पाण्याची बाटली ग्लोव्हज घालून भरली, ते पाणी घाणच. बाहेर येणाऱ्या पाण्याच्या वेळी ग्लोव्हज काढून ठेवले. इतक्या शुद्ध पाण्याला रबर लावणं मनाला पटेना. ओंजळीत धरलं आणि ओंजळीतूनच बाटलीत सोडलं. एक थेंब सांडला नाही.
खांद्याला सकाळ-दुपार जेल. बायको म्हणते, अहो, उशीलासुद्धा वास मारतोय, माणूस झोपलाय की मेडिकलचं दुकान. दुर्लक्ष केलं.

१४ मार्च, दुपारी
रिपोर्ट आला. इन्फेक्शनवरची औषधं जवळजवळ साफ. दुखण्यावरचं औषध मात्र आत जाताना चार आणि बाहेर येताना अकरा.
चष्मा म्हणाला, काका, अभिनंदन, आपलं मशीन औषध बनवायला लागलंय, आता पॅकिंग तेवढं बघा. मी रागावलो नाही. आवाज फक्त शेजारच्या वॉर्डपर्यंत गेला.
कारण उघड आहे. करंट कमी पडतोय.

१५ मार्च
करंट वाढवला. चष्म्याने नको म्हणून सांगितलं होतं. पण पुस्तकात शिकलेल्याला पाण्याचा स्वभाव काय कळणार? मी विहिरीवर वाढलो.
मेन ट्रिप झाला. लॉन्ड्री दोन तास बंद. तिथल्या मावशी शेडपर्यंत चालत आल्या आणि म्हणाल्या, दादा, तिकडे गेलात तरी आमच्याच जिवावर उठलात का? जुन्या ओळखीचं प्रेम.

१८ मार्च
करंट पुन्हा होता तिथे आणला, पण पाणी सावकाश सोडायचं ठरवलं. म्हणजे व्हॉल्व्ह दिवसातून चाळीसदा कमी-जास्त. हे नाजूक काम आहे, दुसऱ्याला जमणार नाही. खांदा हलत नाही. आता जेल चार वेळा, मनगटालाही.
दुसऱ्या बाटल्या भरल्या. या वेळी जास्त भक्तिभावाने. बाटली आधी आतून हाताने नीट चोळून धुतली, त्याच शुद्ध पाण्याने.

२४ मार्च
सदतीस.
दुसरं काही लिहिण्याची इच्छा नाही.

२४ मार्च, संध्याकाळी
लिहितो. साहेबांनी बोलावलं. शांतपणे विचारलं, तुम्ही पाण्यातून काढताय की पाण्यात घालताय? मी म्हणालो, साहेब, अस्थी विभागात पेशंट वाढलेत. ते म्हणाले, ते पेशंट मशीनच्या आत बसलेत का? उत्तर होतं माझ्याकडे, पण मोठ्यांशी वाद घालू नये असे संस्कार आहेत.
शेवटचा रिपोर्ट उरला. तोही असाच आला तर बॉयलर.
पाचला उठण्याचा संकल्प एक तारखेपासून.

२६ मार्च
लॅबच्या मॅडमचा फोन. त्या भागात कुणी दुखण्यावरचं मलम, जेल वगैरे लावतं का? मी ठामपणे सांगितलं, शेडमध्ये मी एकटाच असतो, बाहेरच्या कुणाला पाऊल ठेवू देत नाही.  त्या म्हणाल्या, उद्या मीच येते.
अविश्वास. साध्या माणसाच्या वाट्याला हेच येतं.

२७ मार्च
मॅडम आल्या. दारातच थांबल्या, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाल्या, काका, हात दाखवा. दाखवले. चष्मा एकदम खाली बसला, पोट धरून. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.
त्यांनी समजावलं. लॅबमध्ये मोजतात ते इतकं बारीक की तळहाताला राहिलेला जेलचा अंश बाटलीभर पाणी बिघडवायला पुरतो. मशीन त्याचं काम पहिल्या दिवसापासून करत होतं. नंतर मी ओंजळ लावत होतो. मी म्हणालो, पण मी ते श्रद्धेने करत होतो. त्या म्हणाल्या, ते दिसतंय, सदतीस आलंय.
मग स्वतः ग्लोव्हज घालून बाटल्या भरल्या. मला चार पावलं मागे उभं राहायला सांगितलं. मी सहा पावलं मागे गेलो. देवाचं नाव तेवढं घेतलं, तेही मनात. तोंडाने घेतलं तरी मोजणीत येईल अशी भीती वाटली.

४ एप्रिल
रिपोर्ट. आत चार, बाहेर शून्याच्या जवळ.
मशीन पास.

५ एप्रिल, सकाळी ११
साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मशीन कायम राहणार. खालच्या गावांना आता नदीतून आमची औषधं जाणार नाहीत. डोळे भरून आले. मी विचारलं, ऑपरेटरची ऑर्डर कधी निघेल? साहेबांनी चष्म्याला विचारलं, याला दिवसभर माणूस लागतो का? चष्मा पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला. नाही सर, टायमरवर चालतं, व्हॉल्व्हला मुळात हात लावायचा नसतो.
सोमवारपासून लॉन्ड्री.

५ एप्रिल, घरी
बायकोने विचारलं, झालं का पास? झालं, म्हणालो. मग तोंड का पाडलंय? तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, पाणी तर साफ झालं ना, तेच हवं होतं ना तुम्हाला? हो म्हणायला थोडा वेळ लागला.
शांतपणे विचार केला. तसं पाहिलं तर मशीन माझ्यामुळेच पास झालं. मी बाजूला झालो नसतो तर झालं असतं का? साहेबही हेच म्हणाले. फक्त त्यांचा सूर वेगळा होता.